ज्याला भित्रा म्हणाले, तो बोर्ये

क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळातल्या माणसाचं नाव आपल्या घरात फारसं निघत नाही. त्यातून बर्फावरची हॉकी म्हणजे तर लांबचीच गोष्ट. आपल्याकडे बर्फ बघायचा तो उसाच्या रसात, नाहीतर मासळीबाजारात! तरीही मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला एका आइस हॉकीपटूबद्दल सांगणार आहे. बोर्ये साल्मिंग त्याचं नाव. स्वीडनचा. हे नाव इंग्रजीत लिहिलेलं वाचलं तर ‘बोर्जे’ असं वाटतं, पण त्यांच्याकडे त्या ‘ज’चा ‘य’ होतो.

या खेळातलं मला आजही निम्मंच कळतं. लेक कॅनडात टोरांटोला आणि जावईबापूंना हॉकीचं वेड, त्यामुळे जेवढं कानावर पडलं तेवढंच. दोन्हीकडे सहा-सहा जण, त्यातला एक गोलवर. पायात धारदार पातीचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी कडक रबराची एक चकती. तिला ‘पक’ म्हणतात. ती खेळाआधी गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही. वजन जेमतेम १७० ग्रॅम, पण चांगला खेळाडू ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं हाणतो. एकमेकांना धडका द्यायच्या, कडेच्या फळकुटांवर आदळायचं, हे सगळं नियमात बसतं. हातमोजे टाकून चक्क गुद्दागुद्दी केली तर पाच मिनिटं बाहेर एका खोक्यात नेऊन बसवतात. आणि मग सोडतात परत खेळायला! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, “अहो, यांना कुणी आवरत का नाही?” जावई हसले. म्हणाले, “आई, अर्धे लोक त्याचेच पैसे देऊन आलेत.”

अशा खेळात हा बोर्ये बचावपटू होता.

त्याचा जन्म १७ एप्रिल १९५१चा. स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला किरुना नावाचं गाव आहे, तिथला. तिथे डिसेंबरात जवळजवळ तीन आठवडे सूर्य उगवतच नाही, आणि उन्हाळ्यात दीड महिना मावळत नाही. गाव वसलं ते लोखंडाच्या खाणीसाठी. ती खाण आजही चालू आहे आणि तिच्यामुळे जमीन खचतेय म्हणून गावच हलवणं चाललंय. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून पाच किलोमीटर पलीकडे नेलं. धरणाखाली गेलेल्या गावातल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. देऊळ हलवण्याचं दुःख त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

बोर्येचे वडील एर्लांड. ते सामी, म्हणजे रेनडियर पाळणाऱ्या त्या मूळच्या लोकांपैकी. सामी लोकांकडे स्वीडनमध्ये बरीच वर्षं खालच्या नजरेनंच बघितलं गेलं. एर्लांड खाणीत कामाला होते. बोर्ये पाच वर्षांचा असताना ते खाणीतल्याच अपघातात गेले. मागे राहिली बायको कारिन आणि दोन मुलगे, थोरला स्टिग आणि धाकटा हा.

या कारिनबद्दल फार कुणी लिहिलेलं नाही. खेळाडूवरच्या लेखांत आई एका ओळीत येते आणि जाते. “वडिलांच्या मागे आईने दोघांना वाढवलं” एवढंच. पण जरा डोळ्यांसमोर आणून बघा. नवरा खाणीत गेलेला, खाण खिडकीतून दिसतेय, बाहेर उणे तीस, पदरात दोन पोरं, आणि त्या पोरांना वेड कशाचं, तर अंगावर घाव झेलायच्या खेळाचं. आपल्यापैकी किती जणींनी “नको रे बाबा तो खेळ” म्हटलं नसतं? तिनं जाऊ दिलं. दोघांनाही.

आधी स्टिग गेला आणि मग त्याच्या मागोमाग बोर्ये. दक्षिणेकडच्या येव्ले गावात ब्रिनेस नावाचा नामांकित संघ होता. १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिनेसनं स्वीडनचं अजिंक्यपद मिळवलं आणि बोर्ये त्या संघात होता. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. हुशार मुलगा, चांगला संघ, मोठ्या भावाचा आधार.

पुढची गोष्ट मात्र सिनेमात घालावी अशी. टोरांटोच्या ‘मेपल लीफ्स’ संघानं एक माणूस खेळाडू हेरायला स्वीडनला धाडला. तो आला होता दुसऱ्याच कुणाला बघायला. सामना होता कॅनडातून आलेल्या एका दांडगट संघाशी. बोर्ये त्यात असा काही भिडला की पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. तो हेरणारा माणूस उठला, कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि त्यानं सरळ विचारलं, टोरांटोकडून खेळशील का?

१९७३ साली बोर्ये आणि त्याचा जोडीदार इंगे हामारस्ट्रॉम असे दोघे टोरांटोला पोचले. तेव्हा उत्तर अमेरिकेतली ती नॅशनल हॉकी लीग म्हणजे बहुतांशी कॅनडियनांची मक्तेदारी होती. त्याआधी एखाद-दुसरा स्वीडिश येऊन गेला होता, बस. तिथल्या लोकांचं ठाम मत होतं की युरोपातली पोरं नाजूक, सुंदर सरकतात, पण धक्का बसला की पळतात. ‘भित्रे स्वीडिश’ ही शिवीच होती. प्रेक्षक ओरडायचे, समोरचे खेळाडू तोंडावर म्हणायचे. आणि गंमत बघा, आपल्याच संघाचा मालक, हॅरॉल्ड बॅलार्ड, तोसुद्धा हामारस्ट्रॉमबद्दल जाहीरपणे म्हणाला होता की हा खिशात अंडी ठेवून कोपऱ्यात खेळायला गेला तरी एक अंडं फुटणार नाही!

सासरी आलेल्या नव्या सुनेला हे सगळं ओळखीचं वाटेल. बाहेरचे बोलतात त्याचं एवढं काही नसतं. पण घरातलंच माणूस चारचौघांत बोलतं तेव्हा... जाऊ दे.

पहिल्याच मोसमात, अगदी सुरुवातीच्या सामन्यांत, फिलाडेल्फियाशी गाठ पडली. त्या संघाचं टोपणनावच ‘गुंडांचा संघ’ अशा अर्थाचं होतं. काठ्या, कोपरं, ठोसे, सगळं झालं. हा उलटून शिवी देत बसला नाही, पण हटलाही नाही. तो एक गोष्ट करायचा, ती अशी की समोरच्यानं नेम धरला की पक अडवायला स्वतः आडवा पडायचा. ते दगडासारखं रबर छातीवर, बरगड्यांवर, तोंडावर, जिथे बसेल तिथे. वर्षानुवर्षं तो असाच खेळला.

सोळा मोसम तो टोरांटोकडून खेळला, १९७३ ते १९८९. १,०९९ सामने, १४८ गोल. आणि ज्या आकड्यापाशी मी थांबले तो आकडा म्हणजे ६२० ‘असिस्ट’. असिस्ट म्हणजे गोल करणाऱ्याच्या काठीपाशी पक नेमका पोचवून देणं. टाळ्या दुसऱ्याला, पण वहीत नोंद असते. त्या संघाकडून एवढे असिस्ट आजवर कुणाचेच नाहीत. (ही नोंदीची पद्धत मला फार आवडली. आपल्याकडे घराघरांत अशी एक वही असती तर!) १९७५पासून सलग सहा वर्षं लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीत तो होता.

एक मोठा करंडक मात्र त्याला कधीच मिळाला नाही. स्टॅनले कप. टोरांटोनं तो १९६७ साली शेवटचा जिंकला, त्यानंतर नाहीच. आमचे जावई दर वर्षी “यंदा नक्की” म्हणतात. वारीला निघाल्यासारखे म्हणतात.

१९७६च्या सप्टेंबरात देशादेशांची एक स्पर्धा झाली, कॅनडा कप. टोरांटोत स्वीडन विरुद्ध कॅनडा. बोर्ये अर्थातच स्वीडनच्या पिवळ्या-निळ्या जर्सीत, म्हणजे त्या रात्रीपुरता शत्रूपक्षात. खेळाडूंची नावं पुकारली जात होती. त्याचं नाव आलं आणि अख्खं टोरांटो उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. तीन वर्षांपूर्वी ज्याला भित्रा म्हणत होते, त्याच्यासाठी. आणि तेही स्वतःच्या देशाविरुद्ध खेळायला उभा असताना! त्याला स्वतःला काय करावं ते सुचेना, असं चित्रफितीत दिसतं. खाली मान घालून उभा आहे बिचारा.

त्याच्याबद्दल फक्त चांगलंच लिहायचं असं मी ठरवलेलं नाही. १९८६ साली त्यानं एका मुलाखतीत कबूल केलं की काही वर्षांपूर्वी आपण कोकेन घेऊन बघितलं होतं. लीगनं बंदी घातली, ती शेवटी आठ सामन्यांवर आली. पुष्कळ लेखांतून हे गाळलेलं असतं. मला ते पटत नाही. वाढत्या वयाची मुलं असलेल्या घरात तर हे सांगायलाच हवं, की कबूल करता येतं आणि त्यानंतरही माणूस उभा राहतो.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला दुसरंच काहीतरी घडलं. डेट्रॉइटशी सामना. गोलपाशी झटापटीत तो खाली पडला आणि समोरच्या एका खेळाडूच्या बुटाचं पातं चुकून त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. कपाळापासून तोंडापर्यंत. दोनशेच्या वर टाके पडले. तो फोटो शोधू नका, मी बघितलाय आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि हा मनुष्य बरा होऊन पुन्हा त्याच बर्फावर उतरला!

१९८९-९०चा एक मोसम डेट्रॉइटकडून खेळून तो स्वीडनला परतला. पुढे तीन वर्षं स्टॉकहोमच्या एआयके संघाकडून खेळला. १९९२चं हिवाळी ऑलिंपिक खेळला तेव्हा चाळिशी पूर्ण झालेली होती. १९९६ साली टोरांटोतल्या ‘हॉकी हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला मान मिळाला. तिथे पोचलेला तो पहिला स्वीडिश. निवृत्तीनंतर त्यानं धंदा काढला तो कसला, तर पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचा! स्वीडनमध्ये त्याचं नाव पुढे तेवढ्यासाठीही घरोघरी पोचलं. जाहिरातीत स्वतःच उभा. इतके घाव खाल्लेलं अंग, पण साठीतही दणकट.

आणि २०२२ साली ते अंगच रुसलं.

सुरुवात लहानशीच होती, वर्षाच्या सुरुवातीला स्नायूंत काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. उन्हाळ्यात निदान झालं आणि ऑगस्टमध्ये त्यानं ते जगजाहीर केलं. एएलएस. आपल्याकडचे डॉक्टर याला मोटर न्यूरॉन डिसीज असंही म्हणतात. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना झाला होता तोच. मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशीच एकेक करून मरत जातात. हात, पाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास. बरं करणारं औषध अजून नाही, वेग थोडा कमी करणारी आहेत. बहुतेक रुग्णांची समज मात्र जागी राहते, आणि हेच सगळ्यात अवघड. आपलं काय चाललंय ते माणसाला सगळं कळत असतं. हॉकिंग अनेक दशकं जगले, पण तो अपवाद. बहुतेकांच्या हातात दोन ते पाच वर्षं असतात. बोर्येच्या हाती तेवढीही नव्हती. शरद ऋतूपर्यंत त्याचं बोलणं गेलं.

हा आजार मी घरात पाहिलाय. माझ्या थोरल्या दिरांना झाला होता. तालमीतलं शरीर, कबड्डीत तालुक्याला नाव. आधी हातातून वस्तू पडायला लागल्या, मग जीभ जड झाली. कुणी मणक्याचं म्हणालं, कुणी अर्धांगाचा झटका म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. नाव कळायलाच सव्वा वर्ष गेलं. पुढची तीन वर्षं आमच्या वहिनींनी काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी बाराखडी लिहून घेतली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं आणि भाऊजींनी पापणी मिटली की ते अक्षर धरायचं. ‘पाणी’ एवढ्या शब्दाला पाच मिनिटं.

पण वहिनींनी एक गोष्ट केली नाही. त्यांनी भाऊजींना कुणाला दाखवलं नाही. ज्यांच्यासोबत खेळले ती पोरं भेटायला यायची, तर वहिनी उंबऱ्यातच सांगायच्या, “झोपलेत.” तोंडातून लाळ गळायची, मान पडायची. “त्यांचं असं रूप लोकांच्या लक्षात राहायला नको,” एवढंच त्यांचं म्हणणं. भाऊजींना काय वाटत होतं ते बाराखडीवर कुणी विचारलं की नाही, मला माहीत नाही. हळूहळू लोक यायचे थांबले. त्यांना मी नावं ठेवत नाही, आणि वहिनींना तर मुळीच नाही. ज्या बाईनं रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदललीय तिला सल्ला देण्याचा अधिकार कुणाला?

२०२२च्या नोव्हेंबरात मी लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला होते. ११ तारीख, शुक्रवार. बाळ मांडीवर, लेक आत झोपलेली, जावयांनी आवाज बंद करून टीव्ही लावलेला. सामन्याआधी जुन्या नामवंतांचा सत्कार होता. त्या वर्षी ‘हॉल ऑफ फेम’मध्ये एकदम तीन स्वीडिश खेळाडू जाणार होते, सेदिन नावाचे जुळे भाऊ आणि डॅनियल आल्फ्रेडसन. त्यांच्याच सोबत फिनलंडच्या रीका सालिनेन या बाईही. हा मान मिळवणाऱ्या त्या युरोपातल्या पहिल्या स्त्री. ऑलिंपिकचं कांस्यपदक त्यांनी १९९८ला घेतलं आणि पुन्हा २०१८ला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी! त्यांच्यावर खरं तर वेगळा लेख हवा.

तर त्या सगळ्यांत बोर्ये आला. एकाहत्तर वर्षांचा. एका बाजूला जुना कप्तान डॅरिल सिटलर. बोर्येचा हात त्याच्यानं वर होत नव्हता, म्हणून सिटलरनं तो धरून वर केला, आणि तो थोराड म्हातारा हमसून रडला. अठरा-एकोणीस हजार माणसं उभी. जावयांनी आवाज वाढवला नाही तरी काचेतून ऐकू यावं असं ते दृश्य होतं. बोर्येचा चेहरा वेडावाकडा झाला होता. रडत होता की हसत होता ते कळत नव्हतं. या आजारात ते दोन्ही एकसारखंच दिसतं, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशीही तो आला. या वेळी बायको पिया आणि मुलांना घेऊन. त्या रात्री प्रशिक्षकानं सामन्याला सुरुवात करताना संघातले स्वीडिश खेळाडू एकत्र बर्फावर उतरवले. गोलरक्षकसुद्धा स्वीडिश. एके काळी ज्यांना अंडी आठवायची त्याच संघात! स्टॉकहोमहून टोरांटो म्हणजे आठ-नऊ तासांचा विमानप्रवास. गिळता येत नाही, बोलता येत नाही अशा माणसाला घेऊन एवढ्या लांब जायचं, औषधं, नळ्या, खुर्ची, कपडे, सगळं सांभाळत. तो निर्णय दोघांनी कसा घेतला असेल याचाच मी विचार करत होते. “नको, लोक बघतील,” असं कुणीतरी त्यांनाही म्हटलंच असेल की.

टोरांटोहून तो परत गेला आणि २४ नोव्हेंबरला वारला. जायच्या आधी या आजाराच्या संशोधनासाठी त्याच्या नावानं स्वीडनमध्ये निधी सुरू झाला होता. त्याचं काम चालू आहे.

मार्चमध्ये मी घरी आले. नातवाचे फोटो दाखवताना वहिनींना ती चित्रफीत दाखवावी की नाही, असं दोन दिवस मनात घोळवलं. मग दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला, पूर्ण बघितली. मला वाटलं होतं रडतील. रडल्या नाहीत. पुन्हा मागे घ्यायला सांगितली आणि म्हणाल्या, “किती नीट कपडे घातलेत गं त्याला! अशा माणसाला बाह्या चढवायच्या म्हणजे काय असतं तुला कल्पना नाही. अर्धा तास जातो.”

“हो वहिनी.”

“आणि हनुवटी बघ, कोरडी आहे. तिच्या पर्समध्ये निदान चार रुमाल असणार.”

मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. फोन परत देताना म्हणाल्या, “ती पाटलांची पोरं यायची ना ह्यांना भेटायला... एकदा आत घ्यायला हवं होतं का गं?”

मी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांनाही ते नको असावं. कारण लगेच त्यांनी विचारलं, “मग आता कसा आहे तो?”

“गेला, वहिनी. तिथल्या त्या दुसऱ्या रात्रीनंतर बारा दिवसांनी.”

“बारा,” त्या म्हणाल्या. “बायको काय करते आता?”

मुलगी बियांका स्वीडनची नावाजलेली हेप्टॅथलॉनपटू आहे, एवढं मी सांगितलं. दोन दिवसांत सात प्रकार खेळावे लागतात म्हटल्यावर वहिनींच्या भुवया वर गेल्या. “आणि आईनं जाऊ दिलं खेळायला?” म्हणाल्या, आणि बाळाचे फोटो पुढे सरकवायला लागल्या.